काका खुडूक बसले

काकांना मी कोंडलं. मोबाईलवर घड्याळ लावून, नऊ मिनिटं आणि वर काही सेकंद. त्यांच्याच खुराड्यात, त्यांच्याच आठ कोंबड्यांसकट, बाहेरून कडी घालून.

सख्ख्या काकाला कोणी असं करतं का, विचारतात लोक. करतं. मी केलं. का केलं ते ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

मी खुराडी बनवतो. परसात ठेवायची, सहा-आठ-दहा कोंबड्यांची. लाकूड, पत्रा, जाळी, एवढंच सामान. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. पहिल्याचं छप्पर गळलं, दुसऱ्याचं दार लागेना, तिसऱ्यात मुंगूस शिरलं, असं करत करत हात बसला. पण माझं खुराडं घ्यायचं तर एक अट आहे. गिऱ्हाइकानं आधी स्वतः आत बसायचं. रिकाम्या खुराड्यात नाही. आठवडाभर कोंबड्या राहिल्या की मग सकाळी त्यांना बाहेर सोडायचं आणि आपण आत जायचं. दार लावून दहा मिनिटं, आणि नाक कोंबड्या बसतात त्या दांडीच्या उंचीला, म्हणजे कोंबडीचं नाक जिथे असतं तिथे. श्वास जड झाला, डोळे चुरचुरले, तर खुराडं मी परत नेतो.

गल्लीत याला खुडूक बसणं म्हणतात. अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी कशी खुडूक होते, हलवली तरी हलत नाही, तसं. शाळेतल्या बाई खुडूक बसून आल्या. पोस्टमन बसला. बेकरीवाला बसला, आणि उठता येईना म्हणून दार बिजागरीतून उतरवावं लागलं. आतून सारखा ओरडत होता, "हवा एक नंबर आहे रे, पण मला काढ."

एवढं कशाला, कोंबड्याच तर आहेत, असं प्रत्येक जण एकदा म्हणतोच.

कशाला तर, आईच्या नऊ मेल्या म्हणून.

दोन वर्षं झाली. आईकडे चौदा कोंबड्या होत्या. पिल्लं होती तेव्हापासून तिनं त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यात, बल्बच्या उबेला वाढवलं होतं. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. घरात आई हो-नाहीच्या पुढे बोलायची नाही. परसात गेली की मात्र तिचं तोंड सुरू. "अगं लंगडे, तुला वेगळं ताट लावू का." "मास्तरीण, सरक, दुसऱ्यांना पण खायचंय." आणि तांबडी. तांबडी तिच्या मागे मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथे मान वाकडी करून उभी राहायची, जसं काही विचारायला आली आहे.

खुराडं मी बनवलं होतं. नीट जमलेलं पहिलंच. छपराच्या खाली, अगदी वर, दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन भोकं, मुठीएवढी, जाळी मारलेली.

काका बघायला आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मागच्या गल्लीत त्यांचं गाद्या आणि सोफ्यांचं दुकान होतं. हात असा की फाटलेल्या सीटला टाका कुठे घातला ते शोधून दाखवा. जीभही तशीच, सुईसारखी. त्यांनी खुराड्याभोवती एक फेरी मारली.

"हे खुराडं आहे की चाळण?"

"हवा खेळायला आहेत भोकं, काका."

"हवा लागून मरतील बिचाऱ्या."

"वारा लागून मरतील. हवा न लागून पण मरतील."

"वा. हवा वेगळी आणि वारा वेगळा. हे कोणत्या शाळेत शिकवलं, भोकमास्तर?"

सगळे हसले. काकू, शेजारचे दोघं, आई पण. मी पण हसलो, काय करणार. नाव चिकटलं ते चिकटलं.

पण असतात वेगळे. वारा अंगाला लागतो, हवा नाकाला. भोकं बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर असली की वारा वरच्यावर निघून जातो, तिच्या अंगावर येत नाही. आणि आतली गरम, ओली, घाण हवा वर चढते ती त्याच भोकातून बाहेर पडते. कोंबडीला थंडीचं काय. तिच्या अंगावर जन्मापासून रजई आहे. तिला मारतो दमटपणा. चौदा जणी बंद जागेत श्वास सोडणार, खाली शिटणार, आणि त्या शिटेला जुन्या मुतारीत येतो तसा वास सुटणार, डोळ्यांत झोंबणारा. तो बाहेर गेला नाही तर त्यांच्या छातीत जातो. एवढं साधं आहे. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं, याच शब्दांत. काका म्हणाले, "आता कोंबड्यांना कॉलेजात घाल."

मग मला एका लाकडी गेटच्या कामाला पाच दिवस बाहेरगावी जावं लागलं, आणि नेमकी थंडी पडली. अशी की नळाचं पाणी हाताला चावायचं. मी फोन केला.

"कोंबड्या बऱ्या आहेत ना?"

"गप्प आहेत," आई म्हणाली. "भावजी म्हणाले, दिवसा पण दार उघडू नका, वारा शिरतो. दाणापाणी मी खालच्या झडपेतून देते."

"वरची भोकं उघडी आहेत ना?"

"तूच पाडलीस, कुठे जातील?"

आई बुटकी. भोकं छपराच्या पुढे आलेल्या पत्र्याखाली. तिला ती दिसायचं कारणच नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी परत आलो. परसात आठ कोंबड्या ओळीनं आडव्या. आई पायरीवर, मांडीवर तांबडी. तांबडीचा तुरा काळानिळा, चोच उघडी, श्वास घेताना घशात शिट्टी वाजत होती. दुपारपर्यंत तीही गेली. काका होते, काकू होती, शेजारचे होते.

"मी सांगत होतो की नाही," काका म्हणाले. अगदी हळू, समजुतीच्या आवाजात. "भोकं. गारठून गेल्या."

मी खुराड्यात हात घातला आणि छपराला आतून लावला. हात निथळत बाहेर आला. छपराला आतून पाणी सुटलं होतं, भुसा चिखलासारखा झाला होता. सहा भोकं उघडी असताना हे होऊच शकत नाही. मग मी भोकं बघितली. उघडी होती, सहाही. पण एका जाळीच्या तारेत पिवळ्या स्पंजचा कण अडकला होता. तिळाएवढा.

"हे काय, काका?"

"स्पंज," काका म्हणाले. "माझ्या दुकानातून अख्ख्या गल्लीत उडतो तो. तुझ्या केसांत पण असेल, बघ."

शेजाऱ्यानं माझ्या केसांत बघितलं. होता.

संपलं. माझ्याकडे पुरावा काय, तर एक तीळ. आईनं माझ्याकडे फक्त बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. उरलेल्या पाच तिनं कोपऱ्यावरच्या नर्सबाईंना देऊन टाकल्या. खुराडं काकांनीच फोडलं, "डोळ्यांसमोर नको" म्हणून.

आणि त्या दिवसापासून घरात एकच वाक्य. "राहू दे. भावजी करतील." नळ गळतो, मी पान्हा घेऊन उठतो, राहू दे, भावजी करतील. स्टुलाचा पाय हलतो, भावजी. कपड्यांच्या दोरीची खुंटी निघाली, भावजी. निम्म्या गावाला मी खुराडी बनवून देत होतो आणि माझ्या घरात खुंटी ठोकायला काका यायचे. ठोकून झालं की चहा पिताना विचारायचे, "काय भोकमास्तर, धंदा कसा काय?" चोराच्या उलट्या बोंबा ठीक आहे, ऐकून घेतो माणूस. इथे आई चोराला बोलावून हातोडी द्यायची.

चुकून मारल्या असत्या आणि तसं सांगितलं असतं, तर मी सोडून दिलं असतं. खरंच. अर्धवट माहितीवर मी पण कमी घोळ घातलेले नाहीत. पण बोळा घातला कोणी, काढला कोणी, आणि नाव कोणाचं. दोन वर्षं मला एकच हवं होतं. काकांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं आणि आईनं ते स्वतःच्या कानांनी ऐकावं. बाकी काही नको.

यंदा काकांचे गुडघे गेले. दुकान बंद केलं. घरी बसून काय करायचं म्हणून कोंबड्या आणल्या, आठ, पायांवर पिसं असलेल्या, ऐटबाज. खुराडं स्वतः बनवलं. मी तिकडे फिरकलो नव्हतो. मग एक दिवस काकू माझ्या शेडवर आली.

"अरे, त्यांच्या कोंबड्या शिंकतायत."

"कोंबड्या?"

"नाहीतर काय मी? तोंड उघडं टाकून बसतात. एकीच्या डोळ्यातून फेस येतो. तुला बोलवा म्हटलं तर तोंड फिरवून बसले. म्हणून मी आले."

"खुराडं कसंय?"

"सोफ्यासारखं. आतून चारी बाजूंनी स्पंज, वरून रेक्झिन. बटणं पण मारलीत मधे मधे."

"आणि भोकं?"

काकूनं पदरानं तोंड पुसलं. "भोक हा शब्द काढायची सोय आहे का आमच्या घरात?"

मी करवत खाली ठेवली. आतून असं काही उसळलं की हसू लपवायला मला खाली वाकून खिळे गोळा करावे लागले. म्हटलं, "रविवारी येतो, सकाळी पावणेसातला. तोवर कोंबड्या सोडू नका. मला आतली हवा बघायचीय."

घरी आलो आणि आईला म्हणालो, "रविवारी काकूनं तुला सातला बोलावलंय. काकांच्या कोंबड्या आजारी आहेत."

"मी जाऊन काय करू?"

"बघ जरा. तुला कळतं त्यांचं."

काकूनं बोलावलं नव्हतं. ते मी जोडलं.

रविवारी गेलो. चांगलं उजाडलं होतं. आणि एक कबूल करतो, असं देखणं खुराडं मी आयुष्यात बघितलं नाही. चॉकलेटी रेक्झिन, दाराला पितळी खिळ्यांची किनार, बाहेरून स्प्रिंगची कडी. मुंगीला आत जायचं तर दार वाजवावं लागेल, एवढं बंद. मी दार जरा उघडलं आणि वास सरळ डोळ्यांत घुसला. काका शेजारीच उभे, चेहरा शांत. आयुष्यभर गाद्या चिकटवायचं सोल्युशन हुंगून त्यांचं नाक कधीच गेलं होतं. डोळे मात्र शाबूत होते. मी त्यावरच विसंबून होतो.

"थंडी लागली असणार त्यांना," काका म्हणाले. "आणखी एक थर मारावा म्हणतो."

"बघू. आधी खुडूक बसा."

"कोण, मी?"

"नियम आहे. बेकरीवाला बसला, पोस्टमन बसला."

"ते तुझ्या भोकांच्या पेटीत बसले, मास्तर. ही गादी आहे गादी. इथे मला झोप लागेल."

"मग काय प्रश्न आहे? दहाच मिनिटं."

"दहा? वीस बसतो. घड्याळ लाव."

बुटकं स्टूल घेऊन, गुडघे कडकड वाजवत ते आत गेले. मी दार लावलं आणि कडी सरकवली. त्यांनीच बसवलेली, तेल दिलेली. आवाजसुद्धा झाला नाही, शेवटी फक्त टक.

"कडी लावलीस का रे?"

"फट राहिली तर मजा नाही, काका."

पहिलं मिनिट काका नुसते बोलत होते. ऊब बघ म्हणे. मऊ बघ म्हणे. तुझ्या त्या फळ्यांत ही ऊब मिळेल का. दुसऱ्या मिनिटाला जरा कमी बोलले. तिसऱ्याला खोकले.

"काय झालं?"

"भुशाची धूळ. ही एक मांडीवर येऊन बसलीये बघ, कशी माया लावते."

"जागा नसेल दुसरी."

"किती झाली?"

"चार."

"तुझं घड्याळ मेलंय."

आतून पंखांची फडफड, मग खोकला, मग काहीतरी पडल्याचा आवाज. स्टूल असावं.

"डोळ्यात काय गेलं रे."

"हवा," मी म्हणालो. "हवा लागली तुम्हाला."

मजा येत होती. खोटं कशाला सांगू. दोन वर्षं हे मी मनात इतक्या वेळा रंगवलं होतं की काकांचं पुढचं वाक्य मला आधीच पाठ होतं.

"पुरे. उघड आता."

मी मोबाईल बघत राहिलो. साडेपाच.

"उघड म्हणतोय ना."

"उघडतो. एक सांगा आधी. आईच्या खुराड्याची भोकं कोणी बुजवली?"

आतून खूप खोकला.

"ते अजून धरून बसलायस?"

"बसलायत तुम्ही. मी उभा आहे."

"अरे, छातीत जळजळतंय."

"माहितीये. वर मान करून बघा. वर रेक्झिन. खाली वाका, खाली तर शीटच आहे, अजून वाईट. बाजूला पण काही नाही. त्यांनी पण हे सगळं करून बघितलं असणार."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. उघडतं, पण आधी दुसरंच काहीतरी बाहेर येतं. काकांनी आधी शिवी दिली. मग बाबांचं नाव घेतलं, दादा असता तर म्हणाले. मग म्हणाले, चल, माफ कर, झालं?

"माफी नको. काय केलंत ते सांगा."

तेवढ्यात मागच्या फाटकातून, दूध घेऊन परतणारी काकू आणि वाटेत तिला भेटलेली आई, अशा दोघी आल्या. सातला पाच कमी. आईनं इकडे तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काकू म्हणाली, "हे कुठे गेले?" मी बोट ओठांवर ठेवलं आणि मग खुराड्याकडे केलं. काकूनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"स्पंज मी लावला होता," खुराडं म्हणालं.

आवाज काकांचा वाटतच नव्हता. बोदा झालेला, ओला.

"सहाही भोकांना?"

"सहाही. माप घेऊन कापले. थंडी होती, मला वाटलं तू येशील तेव्हा बघशील कशा उबेत राहिल्या. तुझी जिरवायची होती. मारायच्या नव्हत्या रे."

"काढला कधी?"

"उघड आधी."

"काढला कधी, काका?"

"तू आलास त्या दिवशी. सकाळी, वहिनी उठायच्या आत. आवाज येईना म्हणून बघायला गेलो, तर पडलेल्या."

"सगळ्या?"

"चार की पाच. बाकीच्या तोंड उघडं टाकून होत्या. मी स्पंज काढला, खिशात भरला आणि घरी आलो."

"आईला उठवलं नाही?"

"काय सांगून उठवणार होतो?" खोकला. "मग वहिनींनी मलाच विचारलं, भावजी, कशानं झालं असेल. तोंडातून निघून गेलं, भोकांनी. एकदा निघालं ते निघालं. मग दर वेळी तेच म्हणावं लागलं. आता उघड रे. उघड."

मी उघडलं नाही. आईनं उघडलं. माझ्या बाजूनं पुढे झाली, कडी ओढली. नऊ मिनिटं आणि वर काही सेकंद.

आधी कोंबड्या बाहेर आल्या, एकमेकींना तुडवत. मग काका, चार पायांवर. डोळे लाल, नाक वाहतंय, एका भुवईला पीस चिकटलेलं. जमिनीवर बसून त्यांनी दोन-तीन मोठे श्वास घेतले. मग वर बघितलं तर समोर आई.

"वहिनी," एवढंच म्हणाले.

आईचा आवाज नेहमीसारखाच होता. बाजारात भाजीचा भाव विचारावा तसा. "तुम्ही स्पंज काढलात तेव्हा तांबडी जिवंत होती?"

"मला कुठे त्यांची नावं..."

"लाल. मोठी. दांडीच्या टोकाला बसायची, दाराकडच्या."

काकांनी भुवईवरचं पीस काढलं. हातात धरून त्याच्याकडेच बघत राहिले. "तिनं मान वर केली होती," ते म्हणाले. "मला बघून."

एक कोंबडी शिंकली. काकू वळली आणि पाणी आणायला आत गेली. तांब्या काकांच्या समोर आदळून ठेवत म्हणाली, "दोन वर्षं मी तुमच्या शेजारी बसून त्या पोराला हसले."

माझी छाती फुगली होती. जिंकलो होतो ना. मी आईकडे बघितलं, की आता काहीतरी म्हणेल. म्हणाली.

"आणि तू? आत आठ जणी होत्या."

"हो."

"तुझ्या त्या खुडुकाला कोंबड्या आत ठेवतोस?"

नाही ठेवत. आधी बाहेर सोडतो, मग माणूस बसवतो. माझाच नियम. त्या दिवशी मोडला, कारण काकांना कोंबड्यांसकट कोंडायचं होतं. एकीचा डोळा फेसानं बंद झाला होता, ती माझ्या पायाशी जमिनीला चोच घासत होती. नऊ मिनिटं मी मोबाईल बघत होतो आणि ती आत होती. मला लाज वाटली. काकांची अजिबात नाही. तिची.

"चुकलं," मी म्हणालो.

"तिला पाणी पाज आधी," आई म्हणाली. मी वाटी आणली. आईनंच तिला धरलं, ओल्या फडक्यानं डोळा पुसला आणि पुसताना तिच्याशी काहीतरी पुटपुटली. दोन वर्षांत मी तिला कोंबडीशी बोलताना ऐकलं नव्हतं.

काकांना तोवर जरा धीर आला होता. "झालं ना तुझ्या मनासारखं?" ते मला म्हणाले. "आता पाड तुझी भोकं."

"आत्ता नाही पाडता येणार. आधी स्पंज निघाला पाहिजे, सगळा. पाणी प्यायलाय तो. राहिला तर भोकं पाडून पण उपयोग नाही."

"काढ मग."

"मी लाकडाचं काम करतो. गादीचं काम तुमचं."

त्यांनी काकूकडे बघितलं. काकू दाणे पसरत होती. आईकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. मग ते पुन्हा स्टूल घेऊन आत गेले. आता दार सताड उघडं, तरी गेले तसे लगेच डोळे पुसायला लागले. रेक्झिन पटकन निघालं. स्पंज निघेना. काका काम चांगलंच करतात, सोल्युशन दोन थर लावलं होतं. एकेक तुकडा ओढायचे, तो मधेच तुटायचा, ओला, काळपट, हातात लगदा. बाहेर फेकायचे. पुन्हा ओढायचे. मी मदत केली नाही. गुडघे दुखतायत हे दिसत होतं. तरी केली नाही.

आई पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो, हत्यारांची पिशवी मधे. बराच वेळ आम्ही दोघं ते ओढणं बघत होतो.

"भोकं किती वर घेणार?" आईनं विचारलं.

मी हात वर करून दाखवलं. "दांडीवर बसली की तिचं डोकं इथे येतं. त्याच्या वर वीतभर."

"मग वारा?"

"डोक्यावरून जातो. अंगाला लागत नाही."

"आणि त्यांचा श्वास?"

"गरम असतो, वर चढतो. त्याच भोकातून बाहेर."

आईनं मान हलवली. मग खुराड्याच्या भिंतीकडे बोट केलं. "या बाजूला तीन आणि पलीकडे तीन?"

"पलीकडे चार घेऊ. ती बाजू आडोशाला आहे."

"इथे एक कमी पडेल. इथे पण चार घे," ती म्हणाली, आणि मी लगेच हो म्हणालो. बरोबर होतं तिचं. त्या कोपऱ्यात हवा अडली असती.

आतून काकांचा आवाज आला. "अरे, हा वरचा कोपरा काही निघत नाही. एखादी पटाशी दे."

पटाशी पिशवीत वरच होती. खरं सांगतो, मी द्यायला हात घातला होता. आईनं पिशवीच्या तोंडावर हात ठेवला.

"नखांनी काढा, भावजी," ती म्हणाली.